पुढे दोन बोटं

अंबड लिंक रोडला माझं गॅरेज. शटरवर नाव नाही,
नुसतं 'सस्पेन्शन' लिहिलंय, तेही ओळीत मावलं नाही
म्हणून 'शन' खाली उतरलाय.

खैरनारांचा प्रणीत आला तो मंगळवारी सकाळी,
सातपूरची रात्रपाळी संपवून थेट,
डोळे तांबारलेले आणि काखेत खोका:
कोइम्बतूरहून मागवलेल्या बुटक्या स्प्रिंगा, लालभडक.
दोनच.

चार लागतात बाबा, मी म्हटलं.
एका पायात चप्पल घालून कोणी लग्नाला जातं का?
तो म्हणाला, पुढच्या बसवा. मागे कंपनीच्याच राहू द्या.
पैसे? पैसे आहेत.
मागे आई बसते. तिचे मणके.
पुढे माझी हौस, मागे ती.

यावर काय बोलणार.
बोललो तरी. ब्रेक मारलास की गाडी नाकावर येईल,
मागची चाकं हलकी पडतील,
वळणावर पुढचं एक म्हणेल, मागचं भलतंच,
आणि दिव्यांचा उजेड चार पावलांवर सांडेल.
तो मान हलवत होता. ऐकत नव्हता.
एजाजनं कॉम्प्रेसर आवळायला घेतलाही.

जॅकवरून उतरवली, चाकांच्या कमानीत बोटं घालून पाहिली:
पुढे दोन, मागे पाच.
ठेंगण्या दारातून आत शिरताना अर्ध्यात कोणी हाक मारावी
तशी उभी होती गाडी.
प्रणीतला स्वर्गही तेवढाच उरला होता,
पुढच्या दोन बोटांएवढा.

दीड महिन्यानं आईच उतरली त्या गाडीतून,
पुढच्या सीटला धरून, लाल डब्यातून उतरतात तशी.
मिस्त्री तुम्हीच ना? मग ऐका.
सिडकोतून निघालो की त्रिमूर्ती चौकापर्यंत
मी याच्या पाठीला टेकलेली.
डबा घरंगळतो, पिशवी घरंगळते, मी घरंगळते.
उंटवाडीच्या पुलाचा चढ लागला
की तेवढंच काय ते नीट बसल्यासारखं वाटतं.
मऊ आहे म्हणतो. आहे की मऊ.
पण घसरगुंडीवर गादी घालून कोणी बसतं का?

प्रणीत बॉनेटकडे बघत उभा.

बत्तीस वर्षं साड्यांना फॉल लावतेय मी.
पुढून लोळतंय, मागून पोटऱ्या दिसतायत,
असं काम दिलं असतं
तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं असतं.

मागेही लाल टाकल्या तर दणके लागतील, काकू.
लागू द्या. दणका बसतो नि जातो.
हे घसरणं घरी येतं माझ्याबरोबर,
रात्री पलंगाची कड धरून झोपते.

पैसे सुयांच्या डबीतून निघाले, चार घड्या घातलेले.

आठ दिवसांनी उरलेल्या दोन आल्या. बसवल्या.
पुढे दोन बोटं, मागे दोन बोटं.
दिवे लावले तर भिंतीवरचा उजेड
कॅलेंडरच्या खालून सरकत
संकष्टीपर्यंत चढला.

काकूंचा माझ्या बोटांवर विश्वास नव्हता.
पिशवीतून रीळ काढलं,
मागच्या दाराच्या उंबऱ्यावर आडवं ठेवलं.
रीळ पुढे गेलं. सावकाश, पण गेलं.
मी टेप लावला. सुताचाही फरक नाही.
पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं.

मग तिनं तेच रीळ
हळूच खाली सोडलं, माझ्या फरशीवर.
निळा दोरा मागे टाकत ते निघालं,
एजाजच्या पान्यांमधून, ऑइलच्या डागावरून,
थेट शटरला जाऊन थडकलं.

एकवीस वर्षं याच फरशीवर उभ्या करून
मी लोकांच्या गाड्या सरळ करून देतोय.

एजाज हसला. प्रणीत तर खोकला येईपर्यंत.
काकूंना वाकता येत नाही,
म्हणून मीच गुडघ्यांवर बसून
दोरा गुंडाळत गेलो, शटरपर्यंत.